मुलगा माझ्याकडे, मग सही कुणाची?

सोलापूरच्या एका ताईंनी विचारलं आहे. दोन वर्षांपूर्वी इथेच परस्पर संमतीनं घटस्फोट झाला. हुकूमनाम्यात (न्यायालयाच्या डिक्रीत) 'अज्ञान मुलाचा ताबा आईकडे राहील' असं वाक्य आहे; अज्ञान म्हणजे 18 वर्षांखालचा. मुलगा 9 वर्षांचा, वडील पुण्यात नोकरीला. आता शाळा बदलायची आहे, तर जुनी शाळा दाखल्यासाठी वडिलांची सही मागते. मुलाच्या नावे ठेव ठेवायला गेल्या, तर बँकेनं 'पालकत्वाचा दाखला आणा' म्हणून परत पाठवलं. ताईंच्या वडिलांनी नातवाला बक्षीसपत्रानं एक प्लॉट दिलाय. तो विकून शिक्षणाची सोय करायची म्हटलं, तर दस्त लिहिणारा म्हणाला, तुम्ही पालकच नाही. मग कुणीतरी सुचवलं की पालकत्वाचा दावा टाका. ताईंचं म्हणणं: ताबा माझ्याकडे आहे, मग मी पालक नाही का? आणि हा दावा टाकू का?

ताई, उत्तर आधी देते, कारण नंतर सांगते. दावा आत्ता टाकू नका. तुमच्या तिन्ही अडचणी एकाच दुखण्याच्या वाटतात, पण तशा त्या नाहीत. शाळेसाठी न्यायालयात जायची गरज नाही. बँकेसाठी बहुधा नाही. प्लॉटसाठी मात्र जावंच लागेल, आणि तुमच्या जागी मुलाचे वडील असते तरी त्यांनाही जावं लागलं असतं. म्हणजे 'पालक कोण' याचा निकाल लागला तरी प्लॉट अडकलेलाच राहणार होता. हे तुम्हाला कुणी सांगितलेलं दिसत नाही.

सोलापुरात 23 वर्षं कौटुंबिक प्रकरणं चालवतेय. एवढ्या वर्षांत माझं मत असं झालंय की या विषयात निम्मं भांडण शब्दांनी लावलेलं असतं. 'पालक' हा शब्द आपल्या शाळांनी फार स्वस्त करून टाकलाय. पालकसभेला मामा गेला तर तो त्या दिवसापुरता पालक. डायरीतल्या 'पालकाची सही'च्या रकान्यात आजीचा अंगठाही चालून जातो. आणि 'ताबा' तर त्याहून अवघड शब्द. घराचा ताबा, शेताचा ताबा, तसा पोराचा ताबा. हुकूमनामा हातात पडला की पक्षकार बाहेर येऊन म्हणतात, "मॅडम, पोरगा आपला झाला." पोरगा दोघांचा होता आणि निकालानंतरही दोघांचाच असतो.

मी पक्षकारांना असं सांगते. मूल रोज कुणाच्या घरी झोपतं, सकाळी डबा कोण भरतं, रात्री ताप आला तर कोण उठतं, हा झाला ताबा. पालकत्व सहीशी बांधलेलं आहे. 18 वर्षांच्या आतल्या मुलाच्या सहीला कायदा किंमत देत नाही. त्याला करार करता येत नाही, स्वतःच्या नावानं दावा चालवता येत नाही, मिळकत विकता येत नाही. त्याच्या वतीनं कुणीतरी उभं राहावं लागतं. तो उभा राहणारा माणूस म्हणजे कायद्यातला पालक. त्यातही दोन भाग आहेत: मुलाचं स्वतःचं पालकत्व आणि त्याच्या मिळकतीचं पालकत्व. हे दोन्ही एकाच माणसाकडे असतील असं नाही.

मुस्लिम पक्षकारांना हा फरक समजवायला मला कधी वेळ लागत नाही, कारण त्यांच्या व्यक्तिगत कायद्यात शब्दच दोन आहेत. सांभाळ म्हणजे हिजानत, पालकत्व म्हणजे विलायत. हनफी पंथात मुलगा 7 वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत हिजानत आईकडे, पण विलायत पहिल्या दिवसापासून बापाकडे. मूल आईच्या कुशीत, तरी त्याच्या मिळकतीचा कागद आईच्या सहीनं हलत नाही. न्यायालय मुलाचं हित बघून यात फेरफार करतं हे खरं, पण मूळ रचना तशी आहे. हिंदू कायद्यात रचना तशीच, फक्त बोलीभाषेत आपल्याकडे एकच शब्द दोन्हीकडे वापरला जातो, म्हणून घोटाळा.

आता तुमच्याबद्दल. तुम्हाला लागू होणारा कायदा 1956 चा, हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा. त्याच्या कलम 6 मध्ये म्हटलंय की अज्ञान मुलाचा नैसर्गिक पालक म्हणजे वडील, आणि 'त्यांच्यानंतर' आई. लगेच पुढे म्हटलंय की 5 वर्षांखालच्या मुलाचा ताबा सर्वसाधारणपणे आईकडे असावा. बघा, एकाच कलमात पालकत्व एका वाक्यात आणि ताबा दुसऱ्या वाक्यात. कायदा करणाऱ्यांच्या डोक्यात हा फरक स्वच्छ होता.

सगळा खेळ त्या 'त्यांच्यानंतर'वर आहे. शाळेतला क्लार्क आणि बँकेतला अधिकारी तो शब्द 'वडील वारल्यानंतर' असा वाचतात. पूर्वी वकीलही तसाच वाचायचे. 1984 मध्ये लेखिका गीता हरिहरन यांनी मुलाच्या नावे रिझर्व्ह बँकेचे रोखे घेण्यासाठी अर्ज केला; या व्यवहारापुरती पालक म्हणून आई सही करेल असं नवराबायकोनं मिळून कळवलं होतं. रिझर्व्ह बँकेनं अर्ज परत पाठवला: वडिलांची सही आणा, नाहीतर सक्षम अधिकाऱ्याचं पालकत्वाचं प्रमाणपत्र आणा. ओळखीचं वाटतंय ना? प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि फेब्रुवारी 1999 मध्ये निकाल लागला. न्यायालयानं कलम रद्द केलं नाही, पण 'नंतर'चा अर्थ 'गैरहजेरीत' असा लावला. आणि गैरहजेरी म्हणजे मरण नव्हे. बाप मुलाच्या बाबतीत पूर्ण बेफिकीर असेल, किंवा दूर राहत असल्यामुळे किंवा आजारपणामुळे सांभाळू शकत नसेल, किंवा आईबापांनी आपसांत ठरवून मुलाची सगळी जबाबदारी एकट्या आईवर सोपवली असेल, तर बाप हयात असतानाही आईच नैसर्गिक पालक ठरते.

त्याआधी 1970 मध्येही सर्वोच्च न्यायालयानं असं केलं होतं. ते प्रकरण आपल्या महाराष्ट्रातलं, शेतजमिनीच्या कुळाचं. बाप जिवंत होता, पण मुलीकडे आणि तिच्या जमिनीकडे त्यानं कधी लक्ष दिलं नव्हतं. जमीन आई बघायची. आईनं दिलेला भाडेपट्टा पालकानं दिलेला म्हणून धरला गेला.

तर इथवरचं एका दमात: ताबा तुमच्याकडे आहे म्हणून तुम्ही आपोआप पालक होत नाही. पण वडील हयात आहेत म्हणून तुम्ही पालक नाही, हेही चूक. मधला दुवा आहे तो 'आपसांत ठरवून सोपवलं' हा. आणि परस्पर संमतीच्या घटस्फोटात आपसांत काय ठरलं ते लिहिलेलं असतंच. त्याला आपण तडजोडीच्या अटी म्हणतो, किंवा सरळ कन्सेंट टर्म्स.

म्हणून माझा पहिला प्रश्न हा की तुमच्या कन्सेंट टर्म्समध्ये नेमकं काय लिहिलंय. तुम्ही फक्त हुकूमनाम्यातलं एक वाक्य सांगितलंय. अटींमध्ये 'ताबा व पालकत्व' असे दोन्ही शब्द असतील, किंवा 'मुलाच्या शिक्षणाचे व संगोपनाचे सर्व निर्णय आई घेईल' असं काही असेल, तर तुमचं अर्धं काम आधीच झालेलं आहे, फक्त तो कागद तुम्ही कुणाला दाखवलेला नाही. एकच ओळ असेल, तर ती आता वाढवून घ्यायची. पुढचं बरंचसं मुलाच्या वडिलांशी तुमचे संबंध कसे आहेत यावर ठरेल. ते महिन्याला येतात, खर्च देतात, फोन उचलतात, की दोन वर्षांत तोंड दाखवलेलं नाही? यातलं काहीच तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून दोन्ही बाजू धरून सांगते.

ते सहकार्य करणारे असतील तर मार्ग सोपा आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 26 खाली मुलांच्या ताब्याबद्दलचे आणि शिक्षणाबद्दलचे आदेश घटस्फोटानंतरही बदलता येतात. दोघांनी मिळून त्याच न्यायालयात अर्ज द्यायचा, सोबत पुरसिस (न्यायालयात द्यायचं सहीचं लेखी निवेदन), आणि अटींमध्ये एक कलम वाढवून मागायचं. मी साधारण असं लिहिते: 'अज्ञान मुलाचा शाळाप्रवेश, शाळा सोडल्याचा दाखला, वैद्यकीय उपचार, बँक खाते व ठेवी, आधार व पासपोर्ट या बाबींत अर्जदार क्र. 2 (आई) या एकट्या नैसर्गिक पालक म्हणून सही करतील. अर्जदार क्र. 1 (वडील) यांची त्यास संमती असून त्यांच्या स्वतंत्र सहीची आवश्यकता राहणार नाही.' एवढं वाक्य दोन वर्षांपूर्वी पडलं असतं तर तुमचे हेलपाटे वाचले असते. दोष तुमचा नाही. घटस्फोटाच्या धांदलीत पोटगीचा आकडा आणि दागिन्यांची यादी यांवर तासन्‌तास जातात आणि मुलाचं कलम शेवटच्या पाच मिनिटांत, आधीच्या कुणाच्या तरी अर्जातून उचलून टाकलं जातं. मीही सुरुवातीच्या काळात ते केलंय.

इथे एक अनुभव सांगते. एका प्रकरणात बाप तीन महिने सही करेना. भला माणूस, दर महिन्याला न चुकता पैसे पाठवणारा. पण मसुद्यात 'पालकत्व आईकडे' हे शब्द दिसले की कागद बाजूला सारायचा. त्याला वाटायचं, यावर सही केली की आपण बाप म्हणून संपलो. शेवटी मी 'पालकत्व' हा शब्दच काढला आणि वर दिली तशी कागदांची यादी लिहिली. त्यानं यादी वाचली, 'बारावीनंतरचं शिक्षण दोघांनी ठरवायचं' अशी एक ओळ स्वतःच्या हातानं वाढवली आणि तिथल्या तिथे सही केली. तेव्हापासून माझ्या मसुद्यात मोठे शब्द नसतात, याद्या असतात.

आता एकेक अडचण.

शाळेचा दाखला. मुलगा 9 वर्षांचा म्हणजे प्राथमिकमध्ये. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 5 नुसार मूल दुसऱ्या सरकारी किंवा अनुदानित शाळेत जाणार असेल तर मुख्याध्यापकानं दाखला लगेच द्यायचा असतो, आणि दाखला मिळायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश अडवता येत नाही. 'वडिलांची सही हवी' अशी अट तिथे कुठेही नाही. शाळा सही मागते ती भीतीपोटी. उद्या बाप येऊन आरडाओरडा करेल, या भीतीनं. ती भीती घालवायची तर तोंडी वाद घालू नका. लेखी अर्ज द्या, त्याला हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत जोडा, अर्जात कलम 5 लिहा आणि आवक क्रमांक घ्या. तरी अडलं तर प्रशासनाधिकारी किंवा शिक्षणाधिकारी कार्यालय. माझ्या अनुभवात शिक्का मारलेली पोच हातात आली की शाळांचा सूर बदलतो.

बँक. आई पालक म्हणून मुलाचं खातं उघडू शकते, ही परवानगी रिझर्व्ह बँकेनं 1976 सालीच दिलेली आहे, आणि एप्रिल 2025 च्या परिपत्रकात ती पुन्हा सांगितली आहे. त्यामुळे ठेवीसाठी पालकत्वाचा दाखला मागणं बरोबर नाही. शाखाधिकाऱ्याला त्या परिपत्रकाचा उल्लेख करून लेखी विचारा. एक मात्र खरं: मुलाच्या नावे आधीच मोठी रक्कम असेल, विम्याची किंवा अपघाताच्या भरपाईची, आणि ती काढायची असेल, तर बँक किंवा न्यायालय जास्त काटेकोर होणार. तिथे त्यांची काळजी रास्त असते.

पासपोर्ट तुम्ही विचारला नाहीत, पण पुढेमागे लागेल म्हणून एका वाक्यात: दोघांच्या संमतीचा एक नमुना असतो, आणि दुसऱ्याची संमती का नाही याचं कारण देऊन एकट्या पालकानं भरायचा वेगळा नमुना असतो. न्यायालयाचा आदेश जोडला तर दुसऱ्या नमुन्याला सहसा अडचण येत नाही.

आता प्लॉट. इथे जरा थांबू, कारण इथेच माणसं फसतात.

तुमच्या वडिलांनी बक्षीसपत्र केलं तेव्हा सात-बारावर नोंद लागली असेल: मुलाचं नाव, पुढे 'अ.पा.क.' आणि तुमचं नाव. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. ती नोंद बघून बऱ्याच जणांना वाटतं की आपल्याला विकायचा अधिकार मिळाला. तसं नाही. महसूल दप्तरातली ती फक्त खूण आहे: मालक अज्ञान आहे आणि त्याच्या वतीनं हे बघतात. मूल सज्ञान झालं की जन्माचा पुरावा देऊन ती खूण काढून घ्यायची, एवढंच तिचं काम.

विक्रीचं खरं कलम आहे 1956 च्या कायद्यातलं कलम 8. नैसर्गिक पालकाला, मग तो बाप असो की आई, अज्ञानाची स्थावर मिळकत न्यायालयाच्या आगाऊ परवानगीशिवाय विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही, बक्षीस देता येत नाही, 5 वर्षांहून जास्त मुदतीनं भाड्यानंही देता येत नाही. परवानगी न घेता विकली तर व्यवहार जागच्या जागी रद्द होत नाही, पण मुलानं मोठं झाल्यावर म्हटलं तर तो रद्द करून घेता येतो, आणि सज्ञान झाल्यापासून 3 वर्षांपर्यंत त्याला ते म्हणता येतं. तुमचा मुलगा आज 9 वर्षांचा. म्हणजे आज विनापरवाना प्लॉट घेणाऱ्याच्या डोक्यावर पुढची 12 वर्षं टांगती तलवार. कोण शहाणा माणूस पूर्ण भाव देईल? जो घ्यायला तयार होतो तो निम्म्या भावात मागतो आणि वर सांगतो, "कोर्टाबिर्टाचं काही लागत नाही, बाई." ऐकू नका. आणि घेणाऱ्याला कर्ज काढायचं असेल तर बँकेचा वकील सर्च रिपोर्टमध्ये हेच पहिलं लिहितो.

परवानगीचा अर्ज जिल्हा न्यायालयात करायचा, मिळकत ज्या हद्दीत आहे तिथल्या. हे लक्षात ठेवा, कारण इथे पुष्कळ जण चुकीच्या दारात उभे राहतात. सोलापूरचं कौटुंबिक न्यायालय मुलाचा ताबा, भेट आणि मुलाचं स्वतःचं पालकत्व बघतं. मिळकतीचं पालकत्व त्याच्या कक्षेत येत नाही. तालुक्याच्या गावी राहणाऱ्यांनी आपल्या गावासाठी कुठलं न्यायालय लागतं ते आधी विचारून घ्यावं, नाहीतर अर्ज परत येतो आणि चार महिने वाया जातात.

अर्जात न्यायालय एकच बघतं: विकणं मुलासाठी गरजेचं आहे का, किंवा त्यात त्याचा उघड फायदा आहे का. तुमच्या अर्जाचा कमकुवत दुवा इथे आहे. तुम्ही 'शिक्षणासाठी' म्हणाल, तर न्यायाधीश विचारतील की 9 वर्षांच्या मुलाच्या शाळेची फी त्याच्याच प्लॉटमधून का? मुलाला पोसणं, शिकवणं ही आईबाप दोघांची कायदेशीर जबाबदारी आहे. वडिलांकडून शिक्षणखर्च वाढवून मागितलात का? मागितला नसेल तर आधी तो अर्ज करा. पुण्यात नोकरी असलेल्या बापाला दोन वर्षांपूर्वीच्या आकड्यावर सोडायचं काही कारण नाही. याउलट प्लॉटवर अतिक्रमण होतंय, किंवा तो एकटा पडलेला तुकडा आहे आणि विकून त्याच पैशांत मुलाच्या नावे चांगली जागा घेता येते, असं काही असेल तर अर्ज भक्कम होतो. परवानगी मिळाली तरी पैसे तुमच्या हातात पडतीलच असं धरू नका. सहसा ते मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत ठेवायला सांगतात आणि व्याज वापरायची मुभा देतात. मूल्यांकन, जाहीर नोटीस, वडिलांना नोटीस, हे सगळं धरून काही महिने जातात.

वडिलांना नोटीस गेली की ते काय म्हणतात हे महत्त्वाचं. त्यांनी 'हरकत नाही, आईनेच पालक म्हणून अर्ज चालवावा' असं प्रतिज्ञापत्र दिलं तर तुमच्या पालक असण्यावरचा वाद तिथेच संपतो. म्हणून आधी कन्सेंट टर्म्सची दुरुस्ती, मग प्लॉट. क्रम उलटा करू नका.

वडील सहकार्य करत नसतील, पत्ताच लागत नसेल, तर? तर 1999 च्या निकालाचा आधार घेऊन तुम्हीच नैसर्गिक पालक आहात असं म्हणत अर्ज करायचा आणि बेफिकिरीचा पुरावा द्यायचा. न भरलेला खर्च, न उचललेले फोन, शाळेच्या एकाही कागदावर नसलेली सही. हा पुरावा आजपासून एका फायलीत लावायला सुरुवात करा.

मग मूळ सल्ला, पालकत्वाचा दावा टाका, तो का नको? 1890 च्या पालक व पाल्य कायद्याखाली न्यायालय पालक नेमतं. पण त्याच कायद्याच्या कलम 19 प्रमाणे आई किंवा वडील हयात असतील आणि ते पालक व्हायला नालायक आहेत असं न्यायालयाचं मत नसेल, तर मुलाचा पालक म्हणून दुसऱ्या कुणाला नेमता येत नाही. आईचा उल्लेख तिथे 2010 च्या दुरुस्तीनं आला. तुम्ही तो अर्ज केलात की समोरच्याला तुम्ही 'नालायक' ठरवायला निघालात असा त्याचा सूर होतो. दोन वर्षांपूर्वी शांतपणे मिटलेलं घर पुन्हा पेटतं. साक्षीपुरावे, उलटतपास, मुलाला न्यायाधीशांच्या दालनात बोलावून विचारणं. आणि हे सगळं एका दाखल्यासाठी! न्यायालयांनी अशा प्रकरणांत आईला पालक नेमलेलं नाही असं नाही, मुलाचं हित सगळ्यांवर मात करतं. पण तुमच्या गरजेला ते हत्यार फार जड आहे.

तो अर्ज खरा लागतो कुणाला ते सांगते. विड्या वळून घर चालवणाऱ्या एक आजी माझ्याकडे आल्या होत्या. लेक आणि जावई दोघंही गेलेले, दोन नाती आजीकडे. ताबा आहेच, कुणी हिसकावत नाही. पण जावयाच्या कंपनीचे पैसे मिळेनात, कारण आजी कायद्यानं कुणीच नव्हत्या. प्रत्यक्ष सांभाळ करणाऱ्याला मिळकतीचा व्यवहार करता येत नाही, असं 1956 च्या कायद्याचं कलम 11 सांगतं. त्यांच्यासाठी 1890 चा कायदाच योग्य होता, तिथे भांडण नव्हतं आणि दुसरा मार्गही नव्हता. न्यायालयानं नेमलेला पालक मात्र मोकळा नसतो. त्याला हिशेब द्यावा लागतो आणि मिळकत विकायला परवानगी त्यालाही लागतेच.

उलट एक गैरसमज विधवांच्या बाबतीत नेहमी भेटतो. नवरा गेला की सासरे म्हणतात, नातवाचे पालक आम्ही. नाही. वडिलांनंतर आई, हे कायदा सांगतो. आजोबांचं नाव त्या यादीत नाही. नवऱ्यानं मृत्युपत्रात भावाला पालक नेमलं असेल तरी आई हयात असेपर्यंत ती नेमणूक झोपलेली असते.

ताब्याबद्दल एक राहिलं. ताब्याचा आदेश कधीच दगडावरची रेघ नसतो. सर्वोच्च न्यायालयानं 1973 पासून ते सांगितलंय: मूल वाढतं, परिस्थिती बदलते, आदेशही बदलू शकतो. म्हणून अटी दुरुस्त करायला जाल तेव्हा भेटीचं कलमही नीट लिहून घ्या, नाहीतर वडील तेच धरून अडवतील. 'दिवाळी आणि मे महिन्याची अर्धी सुट्टी' हे सगळेच लिहितात. पण सोलापूरच्या माणसाला संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेला पोराला खांद्यावर घेऊन नंदीध्वज दाखवायचे असतात. पद्मशाली घरात नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ असतो. हे दिवस अटींमध्ये नसतात, आणि दर वर्षी नेमकं त्याच दिवशी आमचे फोन वाजतात. पुण्याहून येणाऱ्या बापाची गाडीही लक्षात घ्या. शनिवारी संध्याकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं निघालेला माणूस सोलापुरात रात्री उतरतो. त्याला 'शनिवारी 4 ते 6' अशी भेट देऊन काय उपयोग? रविवारी सकाळी द्या. आणि अधल्यामधल्या दिवशी व्हिडिओ कॉल. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यालाही मुलाच्या हक्काचा भाग मानलंय. बापाला भेट नीट मिळाली की सहीच्या यादीवर तो सहसा अडून बसत नाही, हा माझा अनुभव आहे.

वकिलाचा खर्च परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रियांना आणि मुलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. पुढे अपील करायची वेळ आलीच, तर 18 ऑगस्ट 2025 पासून सोलापूर जिल्ह्याची उच्च न्यायालयाची कामं कोल्हापूरला चालतात, मुंबईची वारी वाचली.

या आठवड्यात एवढंच करा: नक्कल विभागातून हुकूमनामा आणि कन्सेंट टर्म्स या दोन्हींच्या प्रमाणित प्रती काढा, चार-चार संच, कारण शाळा एक ठेवून घेईल आणि बँकही. बक्षीसपत्राची प्रतही काढा आणि त्यात प्लॉट कुणाच्या वतीनं स्वीकारला असं लिहिलंय ते बघा. तिथे तुमचं नाव असेल आणि मुलाच्या वडिलांनी तेव्हा हरकत घेतली नसेल, तर ते पानही अर्जाला लावा.